लोकशाही विकेंद्रीकरण, महाराष्ट्रातील

केंद्र व राज्य शासनांच्या हाती एकवटलेली सत्ता आणि तिच्याशी निगडित असलेली कामे, कर्मचारी व पैसा ही लोकांनी निवडून दिलेल्या स्थानिक संस्थांच्या स्वाधीन करण्याच्या प्रक्रियेस लोकशाही विकेंद्रीकरण असे म्हणतात. वरिष्ठ अधिकाऱ्याने आपले काही अधिकार हाताखालील अधिकाऱ्यास वापरावयास देणे (प्रत्यायोजन) किंवा सचिवालयातील काही कामे जिल्ह्याच्या कचेरीत नेणे (प्रशासकीय विकेंद्रीकरण) यांहून ही प्रक्रिया मूलतः भिन्न आहे. पहिल्या दोन प्रकारांत अधिकार वापरणारा वरिष्ठांनाच जबाबदार राहतो. लोकशाही विकेंद्रीकरणात तो मतदारांना जबाबदार होतो. ते पूर्ण होण्यास चार गोष्टी आवश्यक असतात : निश्चित कामे, ती करणारा कर्मचारीवर्ग, स्वतःच्या हक्काचे उत्पन्न आणि वरिष्ठ शासनाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले संस्थेचे अस्तित्व. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या चार गोष्टी एकाच वेळी खाली आल्या नाहीत. कामे प्रथम आली, कर्मचारी त्यानंतर सु. नव्वद वर्षांनी आले, अस्तित्वाची घटनात्मक हमी आणखी तीस वर्षांनी मिळाली आणि हक्काचे उत्पन्न मात्र अपुरेच राहिले. महाराष्ट्रातील विकेंद्रीकरणाचे यश व त्याच्या मर्यादा या क्रमातून समजून येतात.

ब्रिटिश अमदानी : पेशवाईत महाराष्ट्रातील गावगाडा पाटील-कुलकर्णी, बलुतेदार व गोतसभा यांच्या आधारे चाले. १८१८ नंतर कंपनी सरकारने महसूल, न्याय व पोलीस ही खाती वेतनी अधिकाऱ्यांकडे सोपविली आणि गावाच्या जुन्या व्यवस्थेचा कणा मोडला. ही जुनी व्यवस्था वतन व जाती यांवर आधारलेली असल्यामुळे आधुनिक अर्थाने ती लोकशाही नव्हती. तथापि गावच्या कामाचा निर्णय गावात होत असे, ही गोष्ट मात्र लोप पावली.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकार कर्जाच्या भाराखाली आले. प्रांतांच्या खर्चाचा लहानसहान तपशीलही कलकत्त्याहून मंजूर व्हावा लागे आणि त्यामुळे प्रांतिक सरकारांना काटकसरीचे कारण उरत नसे. लॉर्ड मेयोच्या १४ डिसेंबर १८७० च्या ठरावाने पोलीस, तुरुंग, शिक्षण, वैद्यक, रस्ते इ. खाती ठराविक रकमेसह प्रांतांकडे देण्यात आली आणि वाढता खर्च स्थानिक करांतून भागवावा, अशी अपेक्षा ठेवण्यात आली. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसविला होता. त्याच्या उत्पन्नातून रस्ते व प्राथमिक शाळा यांचा खर्च होई. या निधीची व्यवस्था पाहणाऱ्या जिल्हा व तालुका समित्यांवर सरकारी अधिकाऱ्यांचेच वर्चस्व होते. अशा रीतीने विकेंद्रीकरणाचा आरंभ लोकांच्या मागणीतून न होता सरकारी तिजोरीच्या गरजेतून झाला.

या व्यवस्थेतील अन्याय महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात दाखवून दिला. सरकारचे उत्पन्न मुख्यतः कष्टकरी शेतकऱ्यांच्या करांतून येते, परंतु शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. स्थानिक निधीतील प्राथमिक शिक्षणाचा वाटा वाढवावा, अशी मागणी त्यांनी केली. कर भरणारा आणि त्याच्या विनियोगाचा निर्णय घेणारा यांच्यात संबंध असावा, हा विकेंद्रीकरणाचा मूळ प्रश्न या निवेदनात स्पष्टपणे आला आहे.

लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने या प्रश्नाला राजकीय रूप दिले. कारभार सुधारावा यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा त्या ठरावाचा प्रधान हेतू होता. स्थानिक मंडळांत बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे, शक्य तेथे निवडणूक व्हावी आणि अध्यक्ष बिनसरकारी असावा, अशी तत्त्वे त्यात होती. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकलबोर्डे स्थापन झाली. परंतु प्रांतिक नोकरशाहीने मूळ ठरावातील बराचसा आशय काढून घेतला. जिल्हा लोकलबोर्डाचे अध्यक्षपद दीर्घकाळ जिल्हाधिकाऱ्याकडेच राहिले. बोर्डाकडे रस्ते, दवाखाने, धर्मशाळा व शाळा ही कामे होती, उत्पन्न मात्र मुख्यतः एक आणा उपकर व सरकारी अनुदान एवढेच होते.

सत्ता कोठवर खाली न्यावी, याचा विचार करण्यासाठी १९०७ मध्ये शाही विकेंद्रीकरण आयोग नेमण्यात आला. त्याचा अहवाल १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. या आयोगापुढील साक्षीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी तळाशी ग्रामपंचायती, मध्ये जिल्हा मंडळे आणि वर पुनर्रचित विधिमंडळे अशी रचना सुचविली. जिल्हाधिकाऱ्याने लोकप्रतिनिधींच्या मंडळाचा सल्ला घ्यावा, हा त्यांच्या मांडणीतील महत्त्वाचा भाग होता. आयोगानेही ग्रामपंचायतींच्या पुनरुज्जीवनाची शिफारस केली. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य हे सोपीव खाते होऊन लोकनियुक्त मंत्र्याकडे आले. त्यानंतर मुंबई इलाख्यात १९२० चा ग्रामपंचायत कायदा, १९२३ चा लोकलबोर्ड कायदा व १९३३ चा सुधारित ग्रामपंचायत कायदा असे कायदे झाले. १९३८ मध्ये तालुका लोकलबोर्डे रद्द करण्यात आली आणि ग्रामीण भागात जिल्हा हाच स्थानिक कारभाराचा मुख्य घटक राहिला. पुढे महाराष्ट्राने जिल्ह्याला जे महत्त्व दिले, त्याचे एक मूळ या अनुभवात आहे.

औंध संस्थानातील प्रयोग : ब्रिटिश मुलखात विकेंद्रीकरण असे तुकड्यातुकड्यांनी होत असता औंध या लहानशा संस्थानाने एक धाडसी प्रयोग केला. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी राज्यकारभाराचे अधिकार प्रजेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने संविधानाचा आराखडा तयार केला आणि ते जानेवारी १९३९ मध्ये अंमलात आले. प्रौढ मतदानाने गावाने पाच जणांची पंचायत निवडावी, पंचायतींच्या प्रमुखांनी मिळून तालुका मंडळ व्हावे आणि तालुका मंडळांतून संस्थानची विधिसभा बनावी, अशी ही तळातून वर जाणारी रचना होती. १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि प्रयोग संपला. सत्ता वरून दिली जाण्याऐवजी तळाकडून वर सोपविली जाऊ शकते, हे त्याने दाखविले. तथापि त्याचे क्षेत्र फार मर्यादित होते आणि राजाच्या सदिच्छेवर तो उभा होता, हेही विसरता येत नाही.

संविधान व स्थानिक शासन : संविधान सभेत गावाच्या स्थानाविषयी तीव्र मतभेद झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे समर्थन केले. संकुचित वृत्ती, अज्ञान व जातीयता यांनी ग्रासलेल्या खेड्याकडे सत्ता देण्यात दलितांचे हित नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. याउलट गांधीवादी सभासदांना पंचायतींचा उल्लेखही नसलेले संविधान अपुरे वाटत होते. अखेर त्याच महिन्यात के. संतानम् यांची दुरुस्ती स्वीकारली जाऊन ग्रामपंचायती संघटित करण्याचे तत्त्व राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले (अनुच्छेद ४०). हे तत्त्व न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नव्हते. शिवाय सातव्या अनुसूचीत स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीत घालण्यात आला. परिणामी संघराज्यात दिल्लीहून निघालेली सत्ता राज्यांच्या राजधान्यांत येऊन पोहोचली; तेथून पुढे ती नेण्याचे बंधन मात्र कोणावरही नव्हते.

बलवंतराय मेहता समिती : सामूहिक विकास योजना २ ऑक्टोबर १९५२ रोजी व राष्ट्रीय विस्तार सेवा १९५३ मध्ये सुरू झाली. या दोन्ही कार्यक्रमांत लोकांचा सहभाग अपेक्षित होता, पण प्रत्यक्षात ते सरकारी कार्यक्रमच राहिले. त्यांची पाहणी करण्यासाठी जानेवारी १९५७ मध्ये नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. निर्णयाचा अधिकार नसेल तेथे लोक सहभागी होत नाहीत, हा तिचा निष्कर्ष होता. ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना तिने सुचविली. तीत गटपातळीवरील पंचायत समिती ही कार्यकारी संस्था व्हावी आणि जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हा परिषदेने केवळ सल्ला व समन्वय यांचे काम करावे, असे तिचे मत होते. ‘लोकशाही विकेंद्रीकरण’ ही संज्ञा या अहवालामुळे रूढ झाली. राजस्थानात नागौर येथे २ ऑक्टोबर १९५९ रोजी या रचनेचा आरंभ झाला आणि पाठोपाठ आंध्र प्रदेशाने ती स्वीकारली.

महाराष्ट्राची रचना : १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले, तेव्हा त्याच्या तीन विभागांत तीन प्रकारच्या स्थानिक संस्था होत्या. पश्चिम महाराष्ट्र व कोकणात १९२३ च्या कायद्याखालील जिल्हा लोकलबोर्डे, विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्याने स्थापिलेल्या तहसीलपातळीवरील जनपद सभा आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या १९५५ च्या कायद्याखालील जिल्हा मंडळे होती. त्यामुळे येथे विकेंद्रीकरणाचा प्रश्न राज्याच्या एकीकरणाशीही जोडलेला होता. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने जून १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १५ मार्च १९६१ रोजी अहवाल सादर केला.

नाईक समितीने मेहता समितीची त्रिस्तरीय रचना मान्य केली, पण तिचा गुरुत्वमध्य बदलला. गट हा घटक तांत्रिक कर्मचारीवर्ग सामावून घेण्यास व नियोजन करण्यास लहान पडतो. अभियंते, आरोग्याधिकारी, शिक्षणाधिकारी यांचा उपयोग जिल्ह्याच्या पातळीवरच नीट होऊ शकतो, असा तिचा युक्तिवाद होता. म्हणून जिल्हा परिषद ही प्रत्यक्ष निवडणुकीने बनलेली, कार्यकारी अधिकार असलेली संस्था व्हावी, असे तिने सुचविले. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ या कायद्याने ही शिफारस मूर्त झाली आणि १ मे १९६२ पासून तो लागू झाला. गावपातळीवर १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम चालू राहिला.

या रचनेची तीन वैशिष्ट्ये उल्लेखनीय आहेत. पहिले, जिल्हाधिकाऱ्यास जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्यात आले. महसूल, कायदा व सुव्यवस्था त्याच्याकडे राहून विकासाची कामे परिषदेकडे आली. परिषदेसाठी भारतीय प्रशासन सेवेतील स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी देण्यात आला. दुसरे, आमदार व खासदार यांना परिषदेत स्थान दिले नाही, त्यामुळे जिल्ह्यात स्वतंत्र नेतृत्व उभे राहण्यास वाव मिळाला. तिसरे, कामांबरोबर माणसेही वर्ग झाली. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, इमारती व रस्ते, लघुपाटबंधारे, शेती, पशुसंवर्धन, समाजकल्याण इ. खात्यांतील योजना जिल्हा परिषदांकडे आल्या. प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक आदी कर्मचाऱ्यांची जिल्हा परिषद सेवा अस्तित्वात आली. वरच्या श्रेणीचे अधिकारी राज्यसेवेतून येत, पण त्यांना स्थायी समिती व विषय समित्यांपुढे उत्तर द्यावे लागे. गावाकडील शाळेला शिक्षक नाही, दवाखान्यात औषध नाही, अशी तक्रार मुंबईला न नेता जिल्ह्याच्या सभेत मांडता येऊ लागली. सामान्य ग्रामस्थाच्या दृष्टीने हा बदल मोठा होता.

राजकीय शिक्षणाचा रिपनप्रणीत हेतूही काही अंशी सफल झाला. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद व सहकारी संस्था या पायऱ्यांनी ग्रामीण नेतृत्वाची नवी पिढी राज्याच्या राजकारणात आली. मुख्यमंत्री झालेले विलासराव देशमुख हे प्रारंभी बाभळगावचे सरपंच होते, तर उपमुख्यमंत्री झालेले आर. आर. पाटील यांची सुरुवात सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून झाली. मात्र या पायऱ्या बहुधा जमीनधारक शेतकरी जातींच्या पुरुषांनाच चढता आल्या. भूमिहीन, दलित व स्त्रिया यांचे प्रतिनिधित्व १९९० पर्यंत नाममात्र राहिले. आंबेडकरांनी १९४८ मध्ये उपस्थित केलेल्या शंकेचे निरसन या रचनेने झाले नव्हते.

वित्तव्यवस्था : कामे व कर्मचारी यांच्या मानाने पैशाचे विकेंद्रीकरण दुबळे राहिले. जिल्हा परिषदांचे उत्पन्न जमीनमहसुलावर आधारित अनुदान, त्यावरील स्थानिक उपकर आणि शासनाची निरनिराळी अनुदाने यांतून येते. जमीनमहसूल हा आधार १८६९ पासून चालत आलेला होता. परंतु स्वातंत्र्योत्तर काळात जमिनीच्या आकारणीची फेरतपासणी थांबली, किंमती मात्र वाढत गेल्या. त्यामुळे महसूल व त्यावरील उपकर यांचे मोल सतत घटले. ही तूट शासनाच्या सहेतुक अनुदानांनी भरून काढली. सहेतुक अनुदान ज्या योजनेसाठी दिले असेल त्याच योजनेवर खर्च करावे लागते. वेतन व ठराविक योजना वजा जाता सभागृहाला स्वेच्छेने विनियोग करता येईल अशी रक्कम, म्हणजे परिषदेचा स्वनिधी, अर्थसंकल्पाचा अगदी लहान हिस्सा असतो. कोट्यवधी रुपयांचा हिशेब ठेवणारी संस्था एखाद्या गावाला हवी असलेली, पण योजनेत न बसणारी विहीर बांधून देऊ शकत नाही, असा विरोधाभास यातून निर्माण झाला.

ग्रामपंचायतींना घरपट्टी, पाणीपट्टी इ. कर बसविण्याचा अधिकार आहे. तथापि, शेजाऱ्यांकडून कर वसूल करण्याची निर्वाचित पंचांची नाखुषी आणि गावातील मालमत्तेचे अल्प मूल्य यांमुळे हे उत्पन्नही मर्यादित राहते. शहरांची स्थिती पूर्वी बरी होती. कारण जकात हे त्यांचे वाढते उत्पन्न होते. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि बृहन्मुंबईची २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर संपली. तिच्या जागी राज्याकडून भरपाई मिळू लागली. नागरी संस्थांचाही प्रवास अशा प्रकारे कराकडून अनुदानाकडे झाला.

सत्तेचा उलटा प्रवाह : १९७० नंतर दिलेली सत्ता अंशतः परत घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. तीत कायदा रद्द करावा लागला नाही. परिषदेला वळसा घालून नव्या यंत्रणा उभारल्या गेल्या. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेली रोजगार हमी योजना ही ग्रामीण महाराष्ट्रातील एक प्रमुख योजना होती. तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. तिची सूत्रे मात्र जिल्हाधिकाऱ्याकडे राहिली. याच दशकात मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन झाली आणि जिल्ह्याचे नियोजन परिषदेच्या सभागृहाबाहेर गेले. १९८० च्या सुमारास केंद्रपुरस्कृत योजनांसाठी जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा नोंदणीकृत संस्थेच्या रूपाने अस्तित्वात आली. परिषदेबाहेर ठेवलेल्या आमदारांना परिषदेचे अध्यक्ष आपले प्रतिस्पर्धी वाटू लागले, हेही या बदलामागील एक कारण होते. शासनाने ल. ना. बोंगिरवार (१९७०-७१) व प्राचार्य पी. बी. पाटील (१९८४-८६) यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समित्या नेमल्या. त्यांच्या सर्वच शिफारशी अंमलात आल्या नाहीत.

याहून गंभीर बाब निवडणुकांची होती. १९६२, १९६७ व १९७२ नंतरची जिल्हा परिषदांची निवडणूक लांबून १९७९ मध्ये झाली आणि त्यानंतरची तब्बल तेरा वर्षांनी, १९९२ मध्ये. याच काळात अन्य काही राज्यांनी नवी दिशा धरली. पश्चिम बंगालमध्ये १९७८ मध्ये पक्षीय पायावर पंचायत निवडणुका झाल्या. कर्नाटकाने १९८३ चा कायदा करून १९८७ मध्ये जिल्हा परिषदा निवडल्या आणि त्यांच्या अध्यक्षांना राज्यमंत्र्याचा दर्जा दिला. केंद्राने १९७७ मध्ये नेमलेल्या अशोक मेहता समितीने १९७८ च्या अहवालात जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा पहिला टप्पा मानला, म्हणजे महाराष्ट्राचा १९६१ चा निर्णय एका अर्थी उचलून धरला. महाराष्ट्रात मात्र त्या सुमारास परिषदा मुदतवाढ व प्रशासक यांच्या आधारे चालण्याचा काळ सुरू होत होता.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती : १९८९ मधील चौसष्टावे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत नामंजूर झाले. त्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये संमत झालेली त्र्याहत्तरावी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी व नागरी संस्थांविषयीची चौऱ्याहत्तरावी १ जून १९९३ रोजी अंमलात आली. पाच वर्षांची निश्चित मुदत, बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग आणि अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा या तरतुदी बंधनकारक ठरल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ व बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नमूद झाले. परंतु हे विषय प्रत्यक्षात द्यावेत की नाही, हे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडले आहे. संस्थेच्या अस्तित्वाला घटनेने संरक्षण दिले, पण तिच्या सत्तेला दिले नाही, असे या दुरुस्तीचे वर्णन करता येईल.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपल्या कायद्यांत तदनुरूप बदल केले आणि राज्य निवडणूक आयोग स्थापन केला. आयोगाच्या देखरेखीखाली १९९७, २००२, २००७, २०१२ व २०१७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका पार पडल्या. यामुळे प्रतिनिधित्वाचे चित्र पालटले. स्त्रियांचे आरक्षण १९९० च्या दशकात एक-तृतीयांश होते, ते २०११ मध्ये निम्म्यावर नेण्यात आले. सरपंचपद राखीव झाल्याने दलित व आदिवासी स्त्रियाही ग्रामपंचायतीच्या प्रमुख झाल्या. पतीने किंवा गावातील पुढाऱ्याने त्यांच्या नावे कारभार करण्याचे प्रकार घडले, तसे स्वतंत्र बुद्धीने काम करणाऱ्या स्त्रियाही पुढे आल्या. नियोजनाबाबत १९९८ च्या कायद्याने जिल्हा नियोजन समित्या आल्या खऱ्या. परंतु त्यांचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडेच राहिले. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत राज्य योजनेचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग स्थानिक संस्थांकडे वळविला. तसे महाराष्ट्रात घडले नाही. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५-२०) केंद्रीय अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले व जिल्हा परिषद व पंचायत समिती यांना वगळले. पंधराव्या आयोगाने तिन्ही स्तरांना पुन्हा वाटा दिला.

मुदतीची हमीही अभेद्य ठरली नाही. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. तथापि ४ मार्च २०२१ च्या निकालाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सांख्यिकीय माहितीची अट घातली. त्यातून उद्भवलेले वाद व प्रभागरचनेतील बदल यांमुळे २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर व महानगरपालिकांवर प्रशासक आले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढण्याचा आदेश दिला. तोवर राज्यातील मोठ्या भागातील मतदारांना तीन वर्षांहून अधिक काळ आपला जिल्हा प्रतिनिधीच नव्हता. या काळात शाळा, दवाखाने व रस्ते यांचे काम चालू होते, ही गोष्ट दुहेरी अर्थाची आहे : यंत्रणा सुस्थिर होती, पण तिला लोकप्रतिनिधींची गरज भासली नाही.

ग्रामसभेची सत्ता : याच काळात राज्याच्या पूर्व टोकाला विकेंद्रीकरणाचे वेगळे उदाहरण घडले. अनुसूचित क्षेत्रांसाठी १९९६ च्या केंद्रीय कायद्याने (पेसा) ग्रामसभेला परंपरा, साधनसंपत्ती व विकासयोजना यांबाबत अधिकार दिले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांना मान्यता दिली. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. हा हक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक होय. तथापि बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याने सोडला नव्हता. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हाच कागदावरचा हक्क उत्पन्नात उतरला. बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेकडे स्वतःचा निधी जमला आणि त्याच्या विनियोगाचा निर्णय सर्वांच्या सहमतीने होऊ लागला. आसपासच्या अनेक ग्रामसभांनी नंतर हाच मार्ग धरला. अशा गावांची संख्या राज्यातील सु. २८,००० ग्रामपंचायतींच्या मानाने अल्प आहे आणि वनसंपत्ती सर्व गावांपाशी नसते. तरीही साधन हाती असलेली सभा कशी चालते, हे या उदाहरणाने दाखवून दिले.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील विकेंद्रीकरणाने जिल्हा या पातळीवर सक्षम प्रशासनयंत्रणा उभी केली आणि ग्रामीण समाजाला राजकारणाचा परिचय करून दिला. १९९३ नंतर वंचित घटकांना प्रतिनिधित्वही मिळाले. मात्र १८७० मध्ये सुरू झालेली प्रवृत्ती पूर्णपणे गेली नाही. वरिष्ठ शासन खर्चाची जबाबदारी सहज खाली देते, कराचा अधिकार देण्यास कचरते आणि दिलेली सत्ता निराळ्या यंत्रणेमार्फत परत घेऊ शकते. निवडणूक लांबली की मतदाराला दाद मागण्यासाठी न्यायालयाखेरीज अन्य मार्ग राहत नाही. फुले यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे कर कोण देतो व त्याचा निर्णय कोण करतो, हाच विकेंद्रीकरणाची खरी कसोटी होय. या कसोटीला उतरण्यासाठी स्थानिक संस्थांना अधिक योजनांपेक्षा हक्काच्या, वाढत्या उत्पन्नाची आणि वेळेवर होणाऱ्या निवडणुकीची अधिक गरज आहे. तोवर या संस्था राज्य शासनाची कामे करणाऱ्या शाखा राहण्याचा धोका संभवतो.